पंचफुलाची खोली, उकंडाची बोट

उकंडा पारिसेकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं, ते त्याने आमच्या मुख्याध्यापकांना जागेवरून उठवलं तेव्हा. इसापूर धरणाच्या पाण्यापलीकडच्या एका वस्तीवरच्या शाळेत माझी नुकतीच बदली झाली होती. पुसदहून एसटीने पाण्याच्या काठापर्यंत यायचं आणि तिथून नावेने पलीकडे जायचं. मुख्याध्यापक अंगाने चांगले भरलेले, आणि मानाप्रमाणे नावेच्या पुढच्या टोकाशी बसलेले. त्यांच्या शेजारी मी. नाव सुटायच्या आधी एक किडकिडीत माणूस हातात वल्हं घेऊन आमच्यासमोर उभा राहिला.

"सर, तुमी मांग बसा."

"का रे बाबा? पुढं हवा चांगली लागते."

"हवा लागते, पण नावेचं नाकाड खाली जाते. जड माणूस मांग, हलकं माणूस पुढं. मॅडमले राहू द्या तिथंच."

सगळी नाव हसली. मुख्याध्यापकही हसले आणि धोतर आवरत मागे गेले. तेव्हा नाव नाक वर करून निघाली. पुढची काही वर्षं मी रोज त्या नावेत बसले आणि रोज हेच पाहिलं. मुलं पुढे, धान्याची पोती मागे. कोणी चुकून पुढे ठेवलेली पिशवीसुद्धा बोलता बोलता उकंडाच्या हाताने मागे जायची. त्याला त्यासाठी विचार करावा लागत नसे. ते त्याच्या हाताचंच वळण होतं.

त्याच्या नावाचं मला आधी वाईट वाटलं होतं. आमच्या भागात घरातली आधीची मुलं दगावली की पुढचं बाळ सुपात घालून उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, नेऊन ठेवत. शेजारणीने ते उचलायचं आणि आईने पसाभर ज्वारी देऊन तिच्याकडून परत घ्यायचं. टाकून दिलेल्या जिवावर कोणाची नजर जात नाही, असा त्यामागचा भाव. उकंडाच्या आधीची दोन भावंडं गेली होती. त्याची बायको पंचफुला यावरून त्याला भर नावेत चिडवायची.

"टाकलेला माल हाय मॅडम. मले फुकटात भेटला."

तो वल्हं मारता मारता म्हणायचा, "पसाभर जवारी लागली होती वं. फुकट नाही."

संध्याकाळची शेवटची फेरी झाली की दोघं जाळं टाकत. जाळ्याचा एक दोर काठावर पंचफुलाच्या कमरेला असे. दुसरं टोक घेऊन उकंडा नावेने दूर जाई आणि पाण्यात मोठा वळसा घालून परत येई. धरणाच्या पाण्यावर वारा असला की हाका ऐकू येत नाहीत. म्हणून या दोघांचं बोलणं दोरावरून चाले. एक हिसका म्हणजे थांब, काहीतरी अडलंय. दोन हिसके म्हणजे ठीक आहे, चाल. एकदा एसटीची वाट पाहत मी काठावर उभी होते, तेव्हा पंचफुलाने दोर माझ्या हातात दिला.

"धरून तर पाहा."

दूर पाण्यात उकंडा मुठीएवढा दिसत होता. थोड्या वेळाने माझ्या तळव्यात दोन हिसके आले.

"काय म्हणून राह्यले?" मी विचारलं. तिचीच भाषा माझ्या तोंडात आली होती.

"चाल म्हणून राह्यले." तिने दोर घेतला आणि दोन हिसके परत पाठवले. "अन् मी म्हटलं, चाला."

मी पुष्कळ नवरा-बायको पाहिले. पालक म्हणून शाळेत आलेले, भांडून आलेले, एकमेकांशी न बोलता आलेले. इतकं थोडं आणि इतकं नेमकं बोलणारे हे दोघंच.

पुढे पलीकडच्या वस्तीला रस्ता झाला आणि नाव बंद पडली. माझी बदली झाली, मग निवृत्ती, आणि मी पुसदच्या घरी राहायला आले. उकंडाने मात्र पाणी सोडलं नाही. त्याने एक जुनी पिकअप घेतली. तिच्या हौद्यावर लोखंडी चौकट उभारली आणि त्या चौकटीवर आपली फायबरची बोट उलटी बांधली. मच्छीमार सोसायट्यांना मोठं जाळं ओढायला जाणता माणूस लागतो. आज इसापूर, पुढच्या आठवड्यात दिग्रसजवळचं अरुणावती धरण, मग बेंबळा, असा तो फिरू लागला. पंचफुला कायम सोबत. काठावर ताडपत्री ताणायची, तीन दगडांची चूल मांडायची, झाला संसार. एकुलती लेक दीपा लग्न होऊन नागपूरला गेली होती. पुसदवरून जाताना ते दोघं माझ्या दारात हटकून थांबत. मी मासे खात नाही हे त्यांना माहीत होतं. ते मासे माझ्या शेजारणीला देत आणि चहा माझ्याकडे पीत.

मग पंचफुलाच्या पायांवर सूज दिसू लागली. चहा घेताना ती चप्पल काढून पाय गार फरशीवर ठेवायची आणि म्हणायची, "पाणी लय प्याली मॅडम आयुष्यभर, आता पायात उतरलं." तपासणी झाली तेव्हा कळलं की दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झाली आहेत. सोमवारी आणि गुरुवारी पुसदच्या दवाखान्यात डायलिसिस ठरलं.

त्यानंतर एका दुपारी उकंडा एकटाच माझ्याकडे आला. खुर्ची असून उंबऱ्यावर बसला.

"लेक म्हणते आईले नागपूरले पाठवा. ही म्हणते, मी जात नाही. इथं खोली भाड्यानं घेऊन ठेवली, त एकटी पडते. डायलिसिस झालं का चक्कर येते तिले. दोनदा पडली न्हाणीत. मी तिकडं पाण्यावर अन् जीव इकडं. परवा जाळं वर घेतलं, त अर्धं फाटेल होतं मॅडम. म्या पाह्यलंच नाही."

"मग काय ठरवलं, उकंडाभाऊ?"

"गाडीवर खोली बांधतो. झोपाची खोली. मंग ती माझ्यासंगच राहीन. सोमवार-गुरुवार गाडी दवाखान्यापुढं, बाकी दिवस पाण्याकाठी. पण खोली बांधली का बोट वर ठेवता येत नाही. बोट मांगून ओढा लागते. त्याच्यातच गुंता हाय. तुमी चाला भावसिंगकडे आमच्यासंग. ती माझं आयकत नाही. तुमचं आयकते."

भावसिंग राठोडचं वेल्डिंगचं दुकान वाशीम रोडला आहे. हार्वेस्टर घेऊन गावोगाव फिरणाऱ्या लोकांच्या गाड्यांवर त्याने झोपायच्या खोल्या बांधल्या होत्या, त्यामुळे त्याला हे काम नवं नव्हतं. पंचफुला कडुनिंबाखाली स्टुलावर बसली. डायलिसिसच्या हातावर तिने पदर घेतला होता. भावसिंगने खडूने जमिनीवर तीन आकृत्या काढल्या.

पहिली मोठी खोली. पुढे ड्रायव्हरच्या टपावर आलेली आणि मागे हौद्याच्या फाळक्याच्या बाहेर हातभर गेलेली. आत लांब पलंग, शेगडीची जागा, बसायला फळी. दुसरी छोटी, फाळक्याच्या आतच संपणारी. तिच्यात पुढच्या बाजूला जाळ्यांचा आणि बर्फाच्या पेटीचा कप्पा, आणि उरलेल्या जागेत आखूड पलंग. तिसरी म्हणजे नुसत्या लोखंडी कमानी आणि वर ताडपत्री. पंचफुलाला धूळ सोसणार नाही, असं मी म्हटलं आणि भावसिंगने तिसरी आकृती चपलेने पुसून टाकली.

"मोठी," उकंडा म्हणाला.

"मोठी लाव ना भाऊ," भावसिंग म्हणाला, "पण मंग मांग बोट लागत नाही. हूक खोलीच्या खाली दबते. लांब दांडा काढून हूक बाहेर आणला, त पुढचे चाकं हलके पडते, स्टेरिंग आयकत नाही. उतारावर बोट तुले ढकलत नेईन. मोठी खोली पायजे त बोट ईक. बोट पायजे त छोटी घे. दोन्ही नाही भेटत."

उकंडा बराच वेळ पहिल्या आकृतीकडे पाहत राहिला. बाहेर उभी असलेली गाडी आणि तिच्यावरची बोट त्याच्या पाठीशी होती. त्याने वळून पाहिलं नाही.

"बोट ईकतो. दुसऱ्याच्या बोटीवर मजुरीनं जाईन."

तेव्हा पंचफुला उठली. मला म्हणाली, "मॅडम, हात द्या जरा," आणि माझ्या आणि भावसिंगच्या आधाराने पिकअपच्या हौद्यात चढली. बोटीच्या सावलीत, उघड्या पत्र्यावर सरळ आडवी झाली.

"आणा भावसिंगभाऊ तुमचा टेप. घ्या माप. जितेपणीच घेऊन टाका."

"वहिनी, असं बोलत नसते."

"छोट्या खोलीची रेघ मारा इथं."

भावसिंगने माप घेऊन पत्र्यावर खडूची रेघ मारली. पंचफुलाची पावलं रेघेच्या बाहेर राहिली. तिने गुडघे पोटाशी घेतले. पावलं रेघेच्या आत आली.

"झालं. बसली."

"अगं, पण पाय पसरता येणार नाहीत तुला," मी म्हटलं.

"मॅडम, मी कधी पाय पसरून झोपली? नावेत झोपली, काठावर झोपली, दीपाले पोटाशी धरून झोपली. पाय पसरून एकदाच झोपाचं असते माणसानं." मग ती पडल्या पडल्याच नवऱ्याशी बोलू लागली. "अन् बोट ईकून तुमी कराल काय? दुसऱ्याच्या नावेत बसाल. तो म्हणन पुढं बैस, त बसाल पुढं? दोन दिवसात भांडून याल अन् मले तोंड दाखवत बसाल. त्याच्यापेक्षा मीच पाय जवळ घेते."

"तू आयकतच नाहीस कोणाचं."

"आयकलं असतं, त उकंड्यावरचा नवरा केला असता का?"

भावसिंग हसला, मीही हसले. उकंडा हसला नाही. माझं ती ऐकेल म्हणून त्याने मला नेलं होतं, आणि माझ्याकडून एक वाक्यही धड झालं नाही.

तिने स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली. मागच्या दाराला मोठी काच हवी, आणि ती पडल्या पडल्या डोळ्यांसमोर येईल इतकी खाली हवी. "मांगून बोट येऊन राह्यली का नाही, पाहात जाईन," ती म्हणाली.

अशी ती छोटी खोली झाली. बोटीसाठी भावसिंगने एका भंगारातल्या जीपचा आस घेऊन दोन चाकांचा गाडा बनवला. आरटीओवाल्याने विचारलं तर काय सांगायचं, यावर दुकानात चर्चा झाली. पंचफुला म्हणाली, "सांगा, आतमंधी देवी बसवली हाय."

पहिल्याच खेपेला दोघं मरता मरता वाचले. अरुणावतीवरून परत येत होते. ओलं जाळं खोलीतल्या कप्प्यात ठेवलं तर तिला ओल लागेल, वास येईल, म्हणून उकंडाने ते बोटीत ठेवलं. आणि बोटीत ठेवलं म्हणजे मागे ठेवलं. बोटीचं इंजिन मागे, जाळं मागे, डब्बेही मागे. उतार लागला तशी बोट डावी-उजवी डोलू लागली आणि मग गाडीलाच हिसके देऊ लागली. पंचफुलाने काचेतून ते आधी पाहिलं. तिने पत्रा बडवला, पण इंजिनच्या आवाजात त्याला ऐकू आलं नाही. नशिबाने पुढे चढ होता, म्हणून गाडी आवरली.

भावसिंगने त्याला दुकानात बसवून समजावलं. "गाडा म्हणजे डोंगा नाही भाऊ. डोंग्याचं नाकाड वर पायजे, गाड्याचं खाली. वजन चाकाच्या पुढं ठेव."

उकंडाला ते पटलं. पण पटलेलं हातात उतरायला वेळ लागतो. मी आयुष्यभर मुलांना शिकवताना हेच पाहिलं. सामान भरताना त्याचे हात आपसूक मागे जात. पंचफुला खोलीच्या दारातून ओरडे, "पुढं, पुढं." आणि रस्त्यात काही सरकलं तर तिने कळवायचं कसं? फोन होते दोघांकडे, पण फोन लागेपर्यंत बोट शेतात गेली असती.

मग त्यांनी आपली जुनीच युक्ती काढली. तिच्या पलंगापासून एक बारीक दोर जाळ्यांच्या कप्प्यातून पुढे ड्रायव्हरच्या केबिनमध्ये नेला. त्याच्या टोकाला भावसिंगने आपल्या मेलेल्या बैलाच्या गळ्यातली घंटी बांधून दिली. एकदा वाजली म्हणजे थांब, बोटीकडे पाहा. दोनदा वाजली म्हणजे ठीक आहे, चाल. हे त्यांना शिकावं लागलं नाही. गाडी सुरू करून उकंडा थांबायचा, मागून दोन हिसके यायचे, मगच गिअर पडायचा.

त्यानंतरचे दिवस बरे गेले, असं मला वाटतं. दवाखान्याच्या फाटकासमोर ती निळी पिकअप आणि तिच्या मागे बोट उभी दिसली की लोक थांबून पाहत. पंचफुला डायलिसिस करून येई, खोलीत चढे आणि पाय जवळ घेऊन निजे. एकदा मी त्यांच्यासोबत अरुणावतीला गेले. हिवाळा होता. उकंडा पाण्यात जाळं फिरवत होता. काठावरचा दोर आता सोसायटीचा दुसरा माणूस धरत असे. पंचफुला खोलीच्या दारात रग पांघरून बसली होती.

"त्या माणसाले समजत नाही," ती मला हळूच म्हणाली. "दोन हिसके आले, त हा नुसता पाहून राह्यला. जवाब देत नाही. यांले कसं कळन, हा आयकून राह्यला का नाही?"

"मग तू शिकव त्याला."

"शिकवलं. म्हणते, आवाज द्या ना काकू, हात काहून दुखवता."

त्या दिवशी तिने मला आत बसवून चहा पाजला. वाटीभर पाणी दिवसाला, इतकंच तिला पिता येत होतं. त्या वाटीतला एक घोट तिने माझ्यादेखत दुपारसाठी झाकून ठेवला. निघताना मी दाराच्या काचेला हात लावला, तर ती लखलखीत होती. ती रोज पदराने पुसायची.

पुढच्या उन्हाळ्यात ती फार बारीक झाली. बोटांत जोर राहिला नाही. दोर हातातून निसटायचा, म्हणून उकंडाने त्याचा एक सैल फास तिच्या मनगटात अडकवला. पाय जवळ घेऊन निजली की तो आखूड पलंगही आता तिला अपुरा पडायचा नाही. उलट पायाशी जागा उरायची.

तो गुरुवार होता. मी सांगते आहे ते मला उकंडानेच सांगितलं, एकदाच. आदल्या दिवशी अरुणावतीवर मोठं जाळं ओढलं होतं. सकाळी उजाडल्यावर तो दवाखान्यासाठी निघाला. जाळं अजून ओलं होतं, म्हणून बोटीत. गाडी सुरू करून तो थांबला, मागून दोन हिसके आले, आणि तो निघाला. दिग्रस मागे टाकून पुसदच्या अलीकडच्या उतारावर आला, तेव्हा घंटी वाजली. एकदा, जराशी लांबली.

त्याने लगेच गाडी बाजूला घेतली. उतरला आणि बोटीकडे गेला.

आणि खरोखरच बोटीतला दोर सैल झाला होता. ओलं जाळं घसरून मागे गेलं होतं. आणखी उतार लागला असता तर बोट डोलायला लागली असती. त्याने जाळं उपसून पुढे आणलं. नीट पसरलं. त्याच्यावर दोर टाकून गाठी मारल्या. हुकाची खीळ तपासली, चाकांना लाथ मारून पाहिली. हे सगळं करताना तो पत्र्याच्या भिंतीपलीकडे तिच्याशी बोलत होता. "बरं केलं वाजवलंस," तो म्हणाला. "जाळं सरकलं होतं वं. तुह्यं ध्यान हाय म्हणून." उन्हं मागून, सरळ काचेवर येत होती. काचेवर नुसतं आभाळ दिसत होतं. त्याने काचेकडे पाहून हात हलवला आणि पुढे जाऊन बसला.

गाडी सुरू करून तो दोन हिसक्यांची वाट पाहत थांबला.

हिसके आले नाहीत. तो म्हणाला, मला वाटलं, झोपली असंल. मग त्याने आपल्या बाजूने दोर ओढून पाहिला. दोर ढिला आला आणि परत गेला नाही. मग तो उतरला आणि त्याने दार उघडलं.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं की हृदय अचानक बंद पडलं होतं. या आजारात असं होतं. दार तेव्हाच उघडलं असतं तरी काही करता आलं नसतं. ते मी ऐकलं, दीपाने ऐकलं, भावसिंगने ऐकलं. गावच्या घरी आणल्यावर बायकांना तिचे पाय सरळ करायला वेळ लागला. त्या हळूहळू, तेल लावून, बोलत बोलत करत होत्या. उकंडा भिंतीला टेकून ते पाहत होता. पाय सरळ झाले, तेव्हा तो उठून बाहेर गेला.

मी त्याच्या मागे गेले. तो पिकअपच्या पायरीवर बसला होता.

"म्या आधी बोट पाह्यली मॅडम."

"उकंडाभाऊ, डॉक्टर म्हणाले ना, की—"

"ते नोका सांगू मले. ते सगळेच सांगून राह्यले." तो शांतपणे बोलत होता. "घंटी वाजली का बोटीकडं जायाचं, असंच ठरलं होतं आमचं. तिनंच ठरवलं होतं. म्हणून गेलो. जाळं खरंच सरकलं होतं."

मी त्याच्याजवळ उभी राहिले. त्याने एकच प्रश्न विचारला.

"ते मांगं सरकलं म्हणून तिनं वाजवली, का तिले काही झालं म्हणून वाजवली, का नुसता हात पडला अन् वाजली?"

एखादं बरं वाटणारं उत्तर देता आलं असतं. पण समोर उकंडा होता. आयुष्यभर त्याने दोराच्या दुसऱ्या टोकावरचं खरं मानलं होतं. मी नुसती त्याच्या शेजारी पायरीवर बसले. आतून दीपाने हाक मारली, तेव्हा तो उठला.

तिसऱ्या महिन्यात भावसिंग त्याला भेटायला गेला. म्हणाला, "खोली काढून देतो भाऊ. बोट पह्यल्यावाणी वर घे. ओढाचं झंझट मिटन."

"राहू दे," उकंडा म्हणाला.

दीपाने त्याला नागपूरला नेलं होतं. आठ दिवस राहिला आणि परत आला. दीपा म्हणते, तो रोज फुटाळ्याच्या तळ्यावर जाऊन उभा राहायचा आणि तिथल्या बोटवाल्यांना सामान कुठे ठेवायचं ते सांगायचा. त्यांनी त्याला हाकललं नाही, पण ऐकलंही नाही.

मधे पुसदला माझ्या दारात थांबला, तेव्हा मी चहा केला. त्याने दोन कप मागितले आणि मग एक परत माझ्याकडे सरकवला. म्हणाला, "सवयीनं बोलून गेलो." शेजारणीसाठी मासे आणले होते. ओलं जाळं आता तो बोटीत ठेवत नाही. खोलीतल्या पलंगावर ठेवतो.

उकंडा अजून अरुणावतीवर आणि बेंबळ्यावर जाळं ओढायला जातो. बोट मागेच असते, घंटी केबिनमध्येच आहे. गाडी कुठेही थांबली की तो उतरतो, आधी खोलीचं दार उघडून आत पाहतो, आणि मग बोटीकडे जातो.